काळ्या पाइनचे वर्ष

जपानी काळ्या पाइनच्या बोन्सायची कुंडी वसंताच्या तोंडावर बदलतात. मुळांवरची पांढरी बुरशी मात्र पूर्ण धुऊन टाकू नये. पाणी आणि क्षार शोषायला तीच मुळांना साथ देते. पुढे मेणबत्त्यांसारखे कोंब उभे राहतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते बुडापासून कापले, की दुसरी पालवी फुटते आणि तिच्या सुया आखूड राहतात. वर्षातले सर्वांत जोखमीचे काम हेच, कारण अशक्त झाडाला ही छाटणी सोसत नाही. शरदात जुन्या सुया खुडतात, हिवाळ्यात तारेने फांद्या वळवतात. पांढऱ्या पाइनला वर्षातून एकदाच पालवी येते, म्हणून त्याचे कोंब फक्त खुडावेत. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाने जपलेला असाच एक पांढरा पाइन १९४५च्या अणुबॉम्बमधून वाचला. १६२५पासून घडवलेले ते झाड १९७६ साली अमेरिकेला भेट मिळाले आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात अजून नवी पालवी धरते.