पहिली तारीख

केळीला पहिली तारीख नसते. मृगबाग जूनच्या पावसावर लावायची, कांदेबाग ऑक्टोबरच्या सुमारास, आणि मग वर्ष-सव्वा वर्ष पाणी, खत, पिलं कापणं, बाग निसवायची वाट बघणं. कापणीच्या दिवशी भाव काय निघेल हे मालकाच्या हातात नसतं. तो रावेर-बऱ्हाणपूरकडून कळतो. मे महिन्यात एखाद्या संध्याकाळी वादळ सुटलं की घडांनी जड झालेली खोडं अर्ध्या तासात आडवी होतात. यावल तालुक्यात वाढलेल्या माणसाला पैसा असाच ठाऊक असतो. आला तर एकदम येतो, पण कधी येईल ते कुणी सांगत नाही.

म्हणून आमच्या घरी भुसावळच्या मामाचं फार अप्रूप. मामा रेल्वेत लोको शेडला फिटर. त्याच्याकडे वीतभर जमीन नव्हती, पण त्याला पहिली तारीख होती. किराणा, दूधवाला, मुलांची फी, सगळं त्या तारखेला टेकून उभं. रेडिओ सिलोनवर दर महिन्याच्या एक तारखेला ‘पहली तारीख’ या १९५४ सालच्या सिनेमातलं किशोरकुमारचं गाणं लागायचं. ते लागलं की मामी आवाज मोठा करायची. गाणं आमच्या रेडिओवरही तेच यायचं. माय भाकरी थापता थापता म्हणायची, “त्यायची तारीख आहे ती, आपल्याले काय?”

पैसा मोठा की मनासारखं काम मोठं, असा प्रश्न आजकाल मुलांपुढे ठेवला जातो. आमच्या भागात तो प्रश्न तसा कधी नव्हताच, असं मला वाटतं. चांगल्या वर्षी दहा एकर केळीचा मालक कारकुनाच्या कितीतरी पट कमावत असे, आणि तरीही मुलगी द्यायची ती कारकुनाला. भुसावळची रेल्वे, वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरचं वीज केंद्र, नाहीतर मास्तरकी, ही आमची स्थळांची यादी होती. लोक पैशामागे नव्हते, ते निश्चितीमागे होते. सुखाच्या समोर जे पारडं होतं, त्यात नोटा नव्हत्या, रात्रीची झोप होती.

पुढे मी फैजपूरला कॉलेजात गेलो. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन जिथे भरलं, नेहरू ज्याचे अध्यक्ष होते, ते हे फैजपूर. त्यामुळे हवेत त्यागाच्या गोष्टी भरून राहिलेल्या. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तर होते आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेले, हे आम्हाला प्रत्येक शिक्षकानं सांगितलं होतं. शाळेत नोकरी सोडणं हा मोठेपणा आणि घरात नोकरी लागणं हा मोठेपणा. या दोन मोठेपणांच्या मध्ये आमची पिढी उभी राहिली.

तिथेच ‘कोसला’ हाती आली. भालचंद्र नेमाडे आमच्याच तालुक्यातल्या सांगवीचे. १९६३ साली, पंचविसाव्या वर्षी, त्यांची ही कादंबरी आली. खेड्यातला सधन घरचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, वडिलांचा पैसा खर्चतो आणि शेवटी गावात परततो. पुण्या-मुंबईच्या वाचकांना त्यात एका तरुणाचं एकटेपण दिसलं. मला आधी दिसली ती मनीऑर्डर. पांडुरंग कधी उपाशी नाही. त्याला खातं ते हे की आपल्या प्रत्येक कपभर चहामागे गावाकडचा कुणाचा तरी घाम आहे आणि त्याचा हिशेब आपल्याला देता येत नाही. माझ्यासारख्या केळीवाल्याच्या पोराला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बी.ए. झाल्यावर मराठीत एम.ए. करायला पुण्याला जावं, असं मनात होतं. त्याच सुमारास रेल्वेची परीक्षा पास झाल्याचं पत्र आलं. मी आबांना, म्हणजे वडिलांना, दोन्ही गोष्टी सांगितल्या. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “शिकाचं असीन त शिक. मी पैसे धाडीन. पन पुढच्या बागेचा भाव मले सांगता येनार नही.” यात नकार नव्हता, धाक तर नव्हताच. त्यांनी खरी गोष्ट सांगितली आणि निर्णय माझ्यावर सोडला. मी रेल्वेत गेलो.

मालबाबू म्हणून माझी बरीच वर्षं केळीच्याच वॅगन्स मोजण्यात गेली. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून तेव्हा दिल्लीला केळी जायची. शेतकऱ्यांचे गट वॅगनची मागणी नोंदवायचे, हिरव्या घडांनी डबे भरले जायचे, मी पावत्या फाडायचो. गाडीला उशीर झाला की फलाटावरच्या माणसांच्या चेहऱ्यावर मला आबा दिसायचे. ते काम मी मनापासून केलं.

पण माझं खरं वेड दुसरं होतं. म्हाताऱ्या बाया जात्यावर म्हणतात त्या ओव्या, श्रावणात कानबाई बसवतात तेव्हाची गाणी, लेवा गणबोलीतले शब्द. पहिल्या काही पगारांतून टेपरेकॉर्डर घेतला. रात्रपाळी संपली की सायकलवर, पुढे लुनावर, गावोगाव. जळगावला विद्यापीठ झालं १९९० साली. आता त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्या विद्यापीठातून बाहेरून बसून माझं एम.ए. झालं. त्या गाण्यांनी मला एक पैसा मिळवून दिला नाही आणि मी कधी मागितलाही नाही. मागावा लागला असता, तर कोणत्या म्हातारीकडे आधी जायचं आणि कुणाला टाळायचं हे मी ठरवत बसलो असतो, अशी माझी खात्री आहे.

नेमाड्यांकडे मी पुन्हा वळलो ते या वाटेनं. ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील इंग्रजी शिकवत एका गावाहून दुसऱ्या गावाला बिऱ्हाड हलवत राहतो. स्वतः नेमाड्यांनी नगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा, मुंबई इतक्या ठिकाणी शिकवलं. ‘झूल’ १९७९ सालची, आणि त्यानंतरची कादंबरी ‘हिंदू’ थेट २०१० साली. एकतीस वर्षं! मधल्या काळात ‘टीकास्वयंवर’ आलं, ‘देखणी’ आली, पण कादंबरी नाही. ‘नोकरीच्या जोखडाला लाथ मारून लिहा’ असं सांगताना आमच्याकडची तरुण मुलं नेमाड्यांचं नाव घेतात, तेव्हा मला राहवत नाही. हा माणूस आयुष्यभर पगारावर शिकवत राहिला. कुण्या प्रकाशकासाठी घाई करावी लागली नाही, ती त्या पगारामुळेच, असं मी मानतो. पहिल्या तारखेनं त्यांच्या कादंबरीला एकतीस वर्षांचा अवकाश विकत घेऊन दिला. ज्ञानपीठ नंतर आलं.

ज्यांना निवडच नव्हती त्यांचं काय, हा प्रश्न मात्र मला झोपू देत नाही. बहिणाबाई असोद्याच्या. शेतात आणि जात्यावर त्यांनी जे रचलं ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, मुलाच्या प्रयत्नांनी आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक होऊन आलं. पैसा की सुख, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीलाही नाही. ती वर्गात माझ्यापेक्षा हुशार होती. सातवीनंतर तिची शाळा सुटली, आणि माझी चालू राहिली ती त्याच घरातल्या, त्याच पैशावर.

धाकट्या भावानं शेती निवडली, तीही प्रेमानं. बी.एस्सी. होऊन तो बागेत उतरला, ठिबक आणलं, ऊतिसंवर्धित रोपं लावली. एका मे महिन्यात सगळी बाग झोपली, नंतर एकदा सीएमव्ही या विषाणूनं कोवळी रोपं उपटून टाकावी लागली. त्यानं पुन्हा लावली. गावात त्याच्या जिद्दीचं कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. पण त्या दोन्ही वर्षी त्याच्या घरात चूल पेटली ती वहिनीच्या अंगणवाडीच्या मानधनावर. त्या तुटपुंज्या रकमेचं कौतुक मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. मनासारखं काम करणाऱ्या माणसाच्या पाठीशी बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी पहिली तारीख धरून उभं असतं. पांडुरंगामागे त्याचे वडील. भावामागे वहिनी. माझ्यामागे मीच, पण ते जमलं कारण बहिणीनं शाळा सोडली होती. हे माणूस मोजत नाही तोवर त्यानं सुखाची भाषा करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

मी निवृत्त झालो. पेन्शन महिन्याच्या शेवटच्या दिवशी खात्यात पडते, तरी मी तिला पहिली तारीखच म्हणतो. १ जानेवारी २००४ पासून रेल्वेत लागलेल्यांना ही जुनी पेन्शन नाही. म्हणजे आमच्या तालुक्यानं जिच्यासाठी लेकी दिल्या, ती निश्चितीही आता पहिल्यासारखी उरलेली नाही.

गेल्या दिवाळीत मुलगी पुण्याहून आली. सॉफ्टवेअरमध्ये आहे, पगार माझ्या शेवटच्या पगाराहून जास्त. म्हणाली, “बाबा, मला सातपुड्यात काम करायचंय. पावरा आदिवासी मुलांसाठी त्यांच्या बोलीतली वाचनाची पुस्तकं.” मानधन मिळेल ते आताच्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याइतकं. मी कागद-पेन घेतलं. तिनं माझ्या आधी हिशेब करून आणला होता: यावलला खोलीभाडं, प्रवास, विमा, शैक्षणिक कर्जाचे उरलेले हप्ते. मी म्हणालो, दोन वर्षं माझी पेन्शन तुझ्यामागे धरून चाल. तिनं विचारलं, “मग आईचं औषधपाणी?” त्यावर आम्ही आकडे पुन्हा मांडले. कर्ज मार्चमध्ये फिटतं. मार्चपर्यंत ती पुण्यातच राहील, सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकेल, आणि माझ्याकडून फक्त विम्याचा हप्ता घेईल.

तिच्या आईनं अजून होकार दिलेला नाही. ती विचारते, सहा महिन्यांनंतर काय? प्रश्न बरोबर आहे, म्हणून कागद अजून टेबलावरच आहे.