कांदिवलीची कानटोपी

मुंबईत लोकरीचं विणकाम ही नुसती हौस आहे, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. इथेही ऊब लागते, फक्त ती कानटोपी, मफलर आणि पायमोजे यांच्या मापाची असते. उपनगरांचं तापमान सांताक्रूझच्या वेधशाळेत मोजतात. तिथे २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. असे दिवस विरळाच. एरवी जानेवारीत पहाटे १६-१७ अंश आणि दुपारी ३० च्या आसपास, अशी इथली थंडी. कांदिवली पूर्वेला ठाकूर व्हिलेज, लोखंडवाला संकुल ओलांडलं की राष्ट्रीय उद्यानाचं जंगल लागतं, आणि झाडांच्या कडेचा गारवा सिमेंटच्या रस्त्यावरच्या गारव्याहून अधिक बोचतो. उत्तरेचे वारे सुरू झाले की सकाळी फिरायला निघालेल्या आजोबांचे कान गार पडतात आणि नऊच्या उन्हात त्यांनाच घाम फुटतो. अशा हवेत अंगभर स्वेटर जड होतो. टोपी काढून खिशात घालता येते.

याच छोट्या वस्तू माणसाला जन्मभर सोबत करतात. बाळंतविड्यात दुपट्यांबरोबर लोकरीचं टोपडं आणि अंगठ्याएवढे मोजे असतात. पुढे शाळेच्या सहलीला मफलर, नोकरीसाठी पुण्या-नाशकाकडे गेलेल्या मुलाला कानटोपी, आणि म्हातारपणी रात्री पायांत पुन्हा मोजे. शिवाय विणणारीची थंडी आणि घालणाऱ्याची थंडी एकाच गावची असते असं नाही. १९६२ च्या चीन युद्धात देशभर बायकांनी हिमालयातल्या जवानांसाठी लोकरीचे कपडे विणले, त्यांत थंडी न पडणाऱ्या गावांतल्याही होत्या.

विणकामामुळे ऋतूंकडे लक्ष जातं, हे मला या उबेहून मोलाचं वाटतं. हिवाळ्याची वस्तू हिवाळ्यात सुरू केली तर ती उन्हाळ्यात संपते. म्हणून विणणारीला एक ऋतू आधी जागं व्हावं लागतं. पावसाळ्यात लोकर दमट होऊन सुईला चिकटते. ऑक्टोबरच्या उकाड्यात मांडीवर स्वेटर नकोसा होतो. टोपी मात्र बोटांवरच राहते. त्याच सुमारास धोबी पक्षी शेपटी हलवत मैदानात उतरलेले असतात, थंडीची वर्दी देत. टोपीच्या काठाला दोन सुलटे, दोन उलटे असे टाके घातले की वीण ताणली जाते आणि सोडली की आवळते, म्हणून काठ कपाळाला धरून बसतो. एवढा भाग बघून विणावा लागतो. नंतरच्या सुलट्या ओळी हात आपोआप घालतो आणि डोळे खिडकीबाहेर मोकळे राहतात. काटेसावर निष्पर्ण होऊन लाल फुलांनी भरते तोवर थंडी सरत आलेली असते. जंगलातली कारवी तर आठ वर्षांतून एकदाच बहरते; २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली. असा बहर चुकू नये, तर नजरेला खिडकीबाहेर बघायची सवय हवी.

बाजारात स्वस्त स्वेटर मिळत असताना एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. यंत्रावरचं विणलेलं कापड कापून शिवलेला स्वेटर उसवला तर हातात तुकडे येतात. हातची वीण टोकाचा धागा ओढला की सरळ उलगडत जाते. लोकर धुऊन, गुंडाळून त्याच मुलाची पुढच्या मापाची टोपी होते. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. दुकानातली बरीचशी ‘लोकर’ अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे प्लास्टिकची असते आणि धुताना तिचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. पोयसर नदी राष्ट्रीय उद्यानाच्या याच जंगलात उगम पावून कांदिवलीतून खाडीकडे जाते, तेव्हा निसर्गप्रेमाच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे झटकून टाकू नये. आपल्याकडच्या धनगरी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम. कानाला मात्र ती टोचते. माझ्या मते मुंबईसाठी सुती धागा किंवा मऊ मिश्र लोकर योग्य, आणि अ‍ॅक्रिलिक घरात असेलच तर ते टाकून न देता उसवून पुन्हा वापरावं.

यंदा विणणार असाल तर गणपती उठले की लोकर आणा, चार पदरी, आणि दहा नंबरच्या सुया घ्या. रोज थोड्या ओळी घातल्या तर टोपी दिवाळीपर्यंत सुईवरून उतरते.