बिऱ्हाड हलवितांना

गेले दोन महिने आम्ही भूमध्य समुद्राकांठच्या व्हॅलेन्सिया शहरीं बिऱ्हाड नेण्याच्या खटपटींत आहों. आमची चाकरी संगणकावरची. मालक बंगळूरचा, त्याला आम्ही कोठें बसतों याचें सोयरसुतक नाहीं. स्पेननें २०२२ सालच्या कायद्यानें असल्या चाकरांना दार उघडलें. मात्र तेथील किमान वेतनाच्या दुप्पट मिळकत दाखवावी लागते. शिवाय पोलिसांचा सद्वर्तनाचा दाखला, आणि त्याचें शपथबद्ध भाषांतरकाराकडून स्पॅनिश रूपांतर. आपलें सद्वर्तन परभाषेंत वाचून आम्हीच क्षणभर संकोचलों!

परंतु कागद परवडले. खरी परीक्षा मातोश्रींची. १९६१ सालीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां त्या आठ वर्षांच्या होत्या. पुण्याच्या घरांत मुठेचें पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढलें, हें त्या आजहि सांगतात. व्हॅलेन्सियाचें नांव ऐकतांच त्यांनीं विचारलें, "तिथं नदी आहे का रे?"

आम्ही उत्साहानें सांगितलें, कीं १९५७ च्या महापुरानंतर लोकांनीं तुरिया नदीच गांवाबाहेरून वळविली. जुन्या पात्रांत आतां मैलोगणती बाग आहे. २०२४ च्या ऑक्टोबरांत त्याच प्रांतांत पुरानें दोनशेंहून अधिक माणसें नेलीं, हें मात्र आम्ही गिळलें. (या विद्येंत आमचा हात पूर्वींपासूनच बरा आहे.) मातोश्री कांहींच बोलल्या नाहींत.

काल भाजणीचा डबा आमच्या पेटींत ठेवतांना, वर न पाहतां, त्या एवढेंच म्हणाल्या, "जागा घेशील ती वरच्या मजल्यावर घे."