परतीचे भाडे

१९९५ सालच्या पावसाळ्यात अंदमानातील एका शाळेचे नियुक्तिपत्र वारासिवनीच्या आमच्या घरी आले, तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला होता : ‘‘अंदमानला माणसे आपण होऊन जातात का रे?’’ प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. मराठी घरात अंदमान हे नाव कानी पडते तेच शिक्षेच्या संदर्भात. १८५७च्या उठावानंतर, १८५८ मध्ये इंग्रजांनी तेथे बंदिवानांची वसाहत वसवली. १९०६ मध्ये सेल्युलर जेलचे बांधकाम पुरे झाले. १९११ मध्ये विनायक दामोदर सावरकर तेथे पोहोचले, तेव्हा त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीच तेथे शिक्षा भोगत होते. एवढा इतिहास आमच्या ओसरीवर सर्वांनाच ठाऊक होता. पाच वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांची मुलगी घेऊन, साडेतीन हजारांच्या पगारासाठी त्या ठिकाणी जाणे आईच्या हिशेबात बसत नव्हते.

बाबांनी काहीच विचारले नाही. वारासिवनीच्या हातमागावरच्या कापडाचा एक तुकडा घरात पडून होता. त्याची त्यांनी एक पुरचुंडी शिवून घेतली आणि तीत तीन हजार रुपये घातले. म्हणाले, ‘‘हे चौघांचे परतीचे भाडे. याला हात लावायचा नाही. हे जवळ असले म्हणजे तुम्ही तिकडे अडकलात असे होणार नाही.’’

बाबांच्या या बोलण्यामागे आपल्या सर्वांच्याच घराण्यांची एक जुनी आठवण होती, असे आम्हाला आता वाटते. वैनगंगेच्या या खोऱ्यात आपण मराठी माणसे नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून येत गेलो. कोणी लष्कराबरोबर, कोणी कारकुनीसाठी, कोणी मालगुजारी सांभाळायला. पुढे १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा झाला, विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून छोटी रेल्वे आली, तेव्हा आणखी काही घरे आली. त्या बैलगाडीतून आलेल्या तरुण जोडप्यांजवळ परतीचे भाडे नव्हते. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले व बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, तेव्हा घरातून कोणीही न हलता आपण पुन्हा एकदा परमुलखात गेलो. घर हलले नाही, सीमा हलली. शाळा हिंदी झाल्या. गंमत अशी की, त्या हिंदी शाळांतल्या शिक्षणानेच आम्हाला अंदमानची नोकरी मिळवून दिली. कारण बंगाली, तमिळ, तेलुगू, मलयाळी अशा सगळ्या वस्त्यांचा परस्परांशी व्यवहार तेथे हिंदीतच चालतो.

जुनी स्कूटर विकून, देणी भागवून हातात ९,२०० रुपये उरले. पुरचुंडी वेगळी. सामानाचा नियम आम्ही असा केला की, दोन मुले कडेवर व बोटाशी धरून दोघांना एका खेपेत उचलता येईल तेवढेच न्यायचे. प्रेशर कुकर, वातीचा स्टोव्ह, चार ताटे, पोळपाट-लाटणे, दोन सतरंज्या, मुलांचे कपडे आणि पाच किलो चिन्नोर. आपल्या या सुवासिक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्यासाठी मात्र तेव्हा तो सणावाराचा शिधा होता. ग्रंथांपैकी ज्ञानेश्वरी तेवढी घेतली. तीही पुढे बुरशीने गेली.

छोट्या गाडीने बालाघाटमार्गे गोंदिया, तेथून हावडा आणि कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीतून बोट, असा रस्ता. बोट पाच दिवस उशिरा सुटली. ते पाच दिवस धर्मशाळेत काढताना आमच्या वहीतले अंक भराभर उतरू लागले. स्वस्त प्रवासात तिकिटापेक्षा वाट पाहणे महाग पडते, हा पहिला धडा तेथे मिळाला. बोटीवर आमची जागा तळाकडच्या मोठ्या दालनात, एकावर एक फळ्यांच्या बिछान्यांवर होती. भरतीची वेळ साधून बोट हुगळीतून खाली निघाली; दुसऱ्या दिवशी गढूळ पाणी संपले आणि निळे, मग जवळजवळ काळे पाणी दिसू लागले. मुलगा म्हणाला, ‘‘शाई सांडली आहे.’’ मुलीला मात्र सारखी ओकारी होत होती. चौथ्या दिवशी सकाळी हिरव्या टेकड्या दिसल्या. ज्या शहरी उतरलो त्याचे नाव तेव्हा पोर्ट ब्लेअर होते; २०२४ मध्ये ते श्री विजय पुरम असे बदलले. बोलण्यात आमच्या तोंडी जुनेच येते.

गाराचरमा भागात लाकडी फळ्यांच्या भिंतींचे, पत्र्याचे छप्पर असलेले दोन खोल्यांचे घर मिळाले. भाडे सहाशे, दोन महिन्यांचे आगाऊ. पहिला पगार हातात पडायला कागदपत्रांच्या फेऱ्यात तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत बेटावरचा संसार कसा चालतो हे आम्ही शिकलो. डाळ, कांदे, बटाटे, साखर सारे बोटीने येते. बोट लांबली की भाव चढतो. नारळ, केळी, मासळी तेथलीच. म्हणून जे बेटावर होते ते खायचे, जे येते ते मोजून वापरायचे. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्या बालाघाटच्या जवळजवळ दुप्पट. आणि तरी फेब्रुवारीपासून मेपर्यंत नळाला पाणी दिवसाआड. पत्र्याच्या पन्हळीखाली ठेवलेले एक पिंप त्या घरात सोन्यापेक्षा मोलाचे होते. सूर्य वारासिवनीपेक्षा सुमारे ५० मिनिटे आधी उगवे आणि तेवढाच आधी मावळे. घड्याळ मात्र तेच. संध्याकाळी साडेपाचला अंधार झाला की मुलगी विचारी, ‘‘आता आजी झोपली असेल ना?’’ वारासिवनीत तेव्हा अजून ऊन असे.

त्या तीन महिन्यांत पुरचुंडी दोनदा खाली काढली आणि दोनदा परत वर ठेवली. हे आमच्या शेजारच्या मासींच्या ध्यानात आले. १९४९ पासून पूर्व बंगालच्या निर्वासित कुटुंबांना सरकारने अंदमानात वसवले. कुटुंबामागे सुमारे १० एकर जमीन, निम्मी भाताची, निम्मी डोंगराची. मासी अशाच एका कुटुंबातल्या, लहानपणी आलेल्या. सिप्पीघाटच्या बाजूला त्यांची भातशेती होती. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्याजवळ परतायला गावच नव्हते, म्हणून आम्ही पहिल्या दिवशी झाडे लावली. तुम्ही तीन महिने झाले तरी मिरचीचे रोपसुद्धा लावले नाही.’’ आम्हाला ते लागले. दुसऱ्या दिवशी अंगणात मिरची, भोपळा आणि शेवग्याची फांदी लावली. पगार होईपर्यंत मासींच्या घरचा तांदूळ आमच्याकडे येत राहिला. त्याची नोंद त्यांनी ठेवली नाही, आमच्या वहीत मात्र ती आहे.

जुलै १९९८ मध्ये, भर पावसात, शाळेच्या फोनवर निरोप आला की बाबा गेले.

पुरचुंडी उघडली. चौघांचे बोटीचे भाडे तीत जसेच्या तसे होते. पण बोट आठ दिवसांनी होती, आणि मृत्यू आठ दिवस थांबत नाही. विमानाचा दर विचारला, तर तेवढ्या पैशांत एकाचेही तिकीट पुरते येत नव्हते. उरलेली भर मासींनी आणि शाळेतल्या सहकाऱ्यांनी घातली. तिकीट मिळाले तेही तिसऱ्या दिवसाचे. आमच्यापैकी जो मुलगा होता तो गेला; जी सून होती ती दोन मुलांना घेऊन पत्र्यावरचा पाऊस ऐकत राहिली. बाबांनी चौघांसाठी जपलेले पैसे एकाला, आणि तेही उशिरा, घेऊन आले. पाचव्या दिवशी घर गाठले, तेव्हा अग्निसंस्कार पुतण्याच्या हातून झालेला होता. दहाव्या दिवशी वैनगंगेच्या काठी बसलो असताना कोणी काही बोलले नाही, आणि ते न बोलणे आम्हाला आजही ऐकू येते.

तेराव्यानंतर आम्ही आईला म्हटले, ‘‘पुरचुंडी रिकामी झाली. वर्षभरात परत भरू.’’ आईने ती हातातून काढून घेतली. म्हणाली, ‘‘तुमच्या बाबांचा हिशेब चुकला. परतीचे भाडे तुमच्याजवळ ठेवून काय उपयोग? तुम्ही ते जपत बसाल आणि ना इकडचे राहाल ना तिकडचे. ही माझ्याजवळ राहू दे. मी भरीन. माझ्या येण्याचे भाडे.’’

तिने ते खरोखर भरले. पापड-कुरडया करून, घरच्या म्हशीचे दूध घालून, दीड वर्षात. जानेवारी २००० मध्ये, समुद्र शांत असताना, एका नातेवाइकाच्या सोबतीने ती कलकत्त्याहून बोटीने आली. धक्क्यावर उतरताच म्हणाली, ‘‘आले हो आपण होऊन.’’ सेल्युलर जेल पाहून आली त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मासींबरोबर मासळीबाजारात गेली, विकत काही न घेता. सहा महिने राहिली. तिची वऱ्हाडी-झाडीच्या वळणाची मराठी ऐकून मुलांची मराठी, जी हिंदीत विरत चालली होती, पुन्हा उभी राहिली. परत जाताना शेवग्याच्या शेंगा घेऊन गेली.

२६ डिसेंबर २००४ रोजी, रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास भूकंपाने घर हलले. पाठोपाठ समुद्र आला. आम्ही उंचावर होतो, वाचलो. पण दक्षिण अंदमानची जमीन खचली आणि सिप्पीघाटच्या शेतांत समुद्राचे पाणी शिरले ते गेलेच नाही. मासींची भातशेती खारट पाण्याखाली गेली. फोन बंद, वारासिवनीत आईला चार दिवस आमची खबर नव्हती. खबर मिळाल्यावर सर्व नातलग म्हणाले, परत या. आई एवढेच म्हणाली, ‘‘मासींना काय हवे नको ते बघा आधी.’’ त्यांच्या घरचा तांदूळ आम्ही खाल्ला होता, हे तिने वहीत वाचले होते. पुढची दोन वर्षे तो तांदूळ आमच्याकडून तिकडे गेला. परत आलो ते २०१२ मध्ये, मुले शिक्षणासाठी बाहेर पडल्यावर, आईच्या अखेरच्या वर्षांत तिच्याजवळ राहायला. तिच्या वेळी आम्ही दोघेही घरात होतो.

हे सारे आज लिहायला बसण्याचे कारण वेगळे आहे. बोटीवर ओकणारी आमची ती मुलगी आता तीन वर्षांच्या मुलाची आई आहे, आणि जावयांच्या नोकरीनिमित्त ते तिघे मॉरिशसला निघाले आहेत. तेथेही मराठी माणसे दीडशे वर्षांहून अधिक काळ आहेत. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख मजूर करारावर हिंदुस्थानातून त्या बेटावर नेले गेले. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडची मराठी कुटुंबेही होती. सुरुवातीच्या करारांत परतीच्या प्रवासाची तरतूद असे. पुढे ती काढून टाकण्यात आली. तरीही त्या घरांतून गणपती बसतो, आणि तेथल्या शाळांत मराठी शिकवली जाते. ज्यांच्याजवळ परतीचे भाडे नव्हते त्यांनी झाडे लावली, असे मासी म्हणाल्या असत्या.

मुलीने वही मागितली. आम्ही कसे भागवले, काय नेले, काय चुकले, हे तिला पाहायचे होते. मुंबईहून विमानाने सहा-सात तासांचा प्रवास, फोनवर रोज चेहरा दिसणार, पगारही बरा. तरीही घरभाडे, अनामत आणि पाळणाघर यांचे आकडे मांडताना तिच्या कपाळावर तीच आठी होती. ‘‘पुरचुंडी देता का?’’ असे तिने हसत विचारले.

आम्ही दिली नाही. ती आईच्या पेटीतून काढून आमच्या कपाटात ठेवली आहे, आणि गेल्या महिन्यापासून तीत दर पेन्शनला हजार रुपये पडत आहेत. दोघांच्या पासपोर्टचे अर्ज भरून झाले आहेत. मुलीला फक्त एवढेच सांगितले, की पोहोचल्याच्या आठवड्यात खिडकीत का होईना, एक मिरचीचे रोप लाव.