किनाऱ्याकिनाऱ्याने, भाग ४ : कुठल्या चॅनलचे?

गुरुवार, मिरकरवाडा

जयगड सोडून काल रात्री रत्नागिरीत आलो आणि आज सकाळी सहाला बंदरावर हजर झालो. जानेवारीत इथे कुरव पक्ष्यांचे थवे असतात. नौका लागली की तिच्याभोवती त्यांचा गलका सुरू होतो. त्यांच्यासाठीच सहाशे मिलिमीटरची पांढरी लेन्स आणली आहे. ती ट्रायपॉडवर चढवली की लांबून तोफेसारखी दिसते.

पाच मिनिटं झाली नसतील, बर्फाची गाडी ढकलणारा तरुण थांबला. "कुठल्या चॅनलचे?"

पक्ष्यांचे फोटो काढतोय म्हणालो. त्याने आधी लेन्सकडे पाहिलं, मग आकाशाकडे. "पक्ष्यांसाठी एवढा?" जाळं शिवत बसलेले दोघं उठून पलीकडे गेले.

ते का उठले, हे समजायला इथलं कॅलेंडर माहीत हवं. राज्य सरकारच्या २०१६च्या आदेशानुसार राज्याच्या सागरी हद्दीत पर्ससीन जाळ्याची मासेमारी फक्त सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच चालते. एलईडीचे दिवे लावून मासे गोळा करण्यावर २०१७ पासून बंदी आहे. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातलं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. त्यात हा जानेवारी. अशा वेळी किनाऱ्यावर कोणी लांब नळीचा कॅमेरा रोखून उभा राहिला, तर तो कोणाच्या बाजूने आलाय, हा पहिला प्रश्न पडणारच. ही लेन्स पक्ष्याआधी नौकेचा नंबर वाचते, हे त्या दोघांच्या ध्यानात आलं होतं. माझ्या आलं नव्हतं.

मग एक वयस्क तांडेल आले. कुठून आलात, कुठे उतरलात, बॅगेत काय आहे, असं एकेक शांतपणे विचारत गेले. १९९३च्या फेब्रुवारीत रायगडातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं. २००८च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' ही मासेमारी नौका पळवून आले. त्यानंतर मच्छीमारांच्या खिशात ओळखपत्रं आली, आणि नवखा माणूस दिसला की चौकशी करायची ही जबाबदारीही त्यांच्यावर आली. तांडेल तीच पार पाडत होते. मी बॅग पूर्ण उघडली. बॅटऱ्या, फिल्टर, पावसाळी कव्हर, एकेक वस्तू कट्ट्यावर मांडली. मग त्यांना कॅमेऱ्याला डोळा लावायला दिला. खाडीच्या तोंडाशी एक नौका होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमचा पोरगा. जेवतोय."

परतताना एक मासेवाली भेटली. पुढ्यात बांगड्यांची पाटी, हातात कोयता. फोटो काढू का, असं विचारलं. तिने कॅमेरा नीट वरपासून खालपर्यंत पाहिला. "आज नको. हा अवतार बघा. रविवारी या." लोक टाळायला असंच सांगतात, म्हणून मी मान डोलावून निघालो.

शुक्रवार, गणपतीपुळे

वाटेत आरे-वारेला दोन जोडप्यांचं प्री-वेडिंग शूटिंग चालू होतं. एका मुलीच्या वडिलांनी मलाच "तुमची ऑर्डर कितीची?" म्हणून बाजूला घेतलं.

गणपतीपुळ्याच्या पुळणीवर उंट, घोडे आणि गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारे फोटोग्राफर. मी आल्याबरोबर त्यांच्यातला एक जवळ आला. नवा माणूस धंद्याला आलाय का, हे त्याला आधी पाहायचं होतं. नाही म्हटल्यावर मोकळा झाला. पर्यटकाचा फोटो काढायचा आणि तिथल्या तिथे प्रिंट हातात द्यायची, हे त्याचं काम. मोबाइल आल्यापासून गिऱ्हाईक कमी झालंय. "पण म्हातारी माणसं आमच्याकडेच येतात. मोबाइलमधला फोटो त्यांना पोचत नाही." माझी लेन्स त्याने हातात घेऊन तोलली. "इथे उपयोग नाही हिचा. आपलं माणूस दोन हातांवर उभं असतं."

शनिवार, बारसूचा सडा

पहाटे चारला निघालो. कातळशिल्पं बघायची तर सूर्य खाली हवा. उन्हं तिरपी असली की कोरलेल्या रेघांत सावली साठते आणि चित्र उठून दिसतं. डोक्यावर ऊन आलं की सगळा जांभा एकसारखा होतो. बारसूला दोन वाघांच्या मधोमध उभा असलेला माणूस कोरला आहे. कोकणातल्या ज्या नऊ ठिकाणची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत बारसू आहे.

ट्रायपॉड पूर्ण उंच केला, वर कॅमेरा बसवला आणि उजेडाची वाट बघत थांबलो. गडग्यापलीकडून एक गृहस्थ आले, मागे आणखी दोघं. आजवर मला हजार वेळा विचारलं गेलेलं काहीच त्यांनी विचारलं नाही. कॅमेरा केवढ्याला, किती लांबचं दिसतं, चंद्र दिसतो का, यातलं काही नाही. ट्रायपॉडच्या पायांकडे बघत ते म्हणाले, "मोजणी आली काय वो?"

माझ्या पोटात कालवलं. हाच तो सडा. नाणारची रिफायनरी रद्द झाली, मग बारसूचं नाव पुढे आलं. २०२३च्या एप्रिलमध्ये इथे माती परीक्षण सुरू झालं, मोठा पोलीस बंदोबस्त लागला, भर उन्हात बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. मोजणीवाल्यांचं यंत्रही असंच तीन पायांवर उभं राहतं, त्याचा माणूसही असाच एक डोळा मिटून वाकतो. "आधी असेच येतात," ते म्हणाले. "दोघं-तिघं. तीन पायांचं घेऊन. काय विचारलं तर हसतात."

मी ट्रायपॉड मिटून आडवा ठेवला. नाव, गाव, काम, कोणत्या अंकासाठी लिहितो, सगळं सांगितलं. त्यांनी कॅमेऱ्यातले आधीचे फोटो मागितले, मी दाखवले. पहिला कोरीव हत्तीचा, मग कुरव, मग जयगडचा किल्ला. मागचे दोघं निघून गेले. हे मात्र थांबले. उन्हं आल्यावर वाघाचा कान कुठे आहे, ते त्यांनीच पायातली चप्पल काढून, कातळावर पाऊल न देता, लांबून काठीने दाखवलं. लहानपणी याच सड्यावर गुरं चारली होती त्यांनी. निघताना म्हणाले, "फोटो छापा. पन हा सडा लोकांचा आहे, ते पन लिवा." लिहितो आहे.

छायाचित्रकार मित्रांची नेहमीची तक्रार असते की मोठा कॅमेरा काढला की लोक काम करू देत नाहीत. मला त्यात राग येण्यासारखं काही दिसत नाही. माझ्या तोंडावर काच रोखणारा कोण आहे, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि कोकणात तर त्या प्रत्येक प्रश्नामागे काहीतरी घडून गेलेलं आहे. फसवणूक मोबाइलने जास्त होते, कारण त्याला कोणी काही विचारतच नाही.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सुरुवातीच्या फोटोग्राफरांपैकी. तेव्हाच्या ओल्या काचेच्या पद्धतीत रसायन सुकायच्या आत काच लावून, फोटो घेऊन धुवावी लागे. त्यामुळे बाहेरगावी कॅमेऱ्याबरोबर अंधाराचा तंबूही जाई. समोरच्याला काही सेकंद स्तब्ध बसावं लागे. त्याच्या नकळत त्याचा फोटो काढणं जवळजवळ अशक्य होतं. त्याने बसायला होकार दिला, तरच चित्र. आज रात्री खोलीवर फोटो बघताना हे सारखं आठवत राहिलं.

रविवार, मिरकरवाडा

पाठ धरली होती म्हणून बॅग खोलीवरच ठेवली आणि नुसता मोबाइल घेऊन बंदरावर गेलो. लिलावाची बोली चढत होती. अर्ध्या तासात चाळीस-पन्नास फोटो झाले. कोणी वळूनही पाहिलं नाही. जाळंवाले ते दोघं आज अगदी माझ्यासमोर बसून चहा पीत होते. त्यांचाही फोटो निघाला, त्यांना कळलंसुद्धा नाही. परवा हीच माणसं उठून गेली होती. तो फोटो मी पुसला.

तेवढ्यात मागून हाक आली. तीच मासेवाली. हिरवं नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, अंबाड्यात अबोलीचा गजरा. पाटी बाजूला सरकवलेली, आणि बसायला कुठूनतरी एक लाकडी खुर्ची आणलेली.

"कॅमेरा कुठाय?"

मी मोबाइल दाखवला. याच्यावरही चांगला येतो, म्हणालो.

"त्याच्यावर नातू रोज काढतो," ती म्हणाली आणि खुर्चीत ताठ बसली. "जा, घेऊन या. मी बसते."

रिक्षा केली. खोलीवर जाऊन बॅग उचलली. निघता निघता लांब लेन्स काढून ठेवली आणि पन्नास मिलिमीटरची लावली. दोन हातांवरची.