वहीतली मधली रेघ

अकरावी सायन्सला असलेली आमची मुलगी फिजिक्सच्या चाचणीत 25 पैकी 4 गुण घेऊन आली. जेवताना म्हणाली, "अम्मी, मला आर्ट्सला जायचंय." आर्ट्सला माझी ना नव्हती, पण तो पडलेला आवाज ओळखीचा होता. याच धड्यावर मीही कधीकाळी सायन्स सोडलं होतं. आमचे सर सूत्रं फळ्यावर लिहीत, आम्ही उतरवून घेत असू. ती कुठून आली हे विचारायची हिंमत कुणाची!

इशाच्या नमाजनंतर तिची वही उघडली. चेंडू 30 अंशांच्या कोनात, सेकंदाला 20 मीटर वेगाने मारला; उंची आणि अंतर काढा. तिने उंचीच्या सूत्रात सरळ 20 घातले होते. उत्तर आलं 20 मीटर. म्हणजे सहा मजले! सरळ वर मारला असता तर ठीक होतं, हा तर तिरका मारलेला.

धाकट्या भावाने मला फार उशिरा दाखवलेली गंमत आठवली. टेबलाच्या काठावर रुपयाची दोन नाणी ठेवली. एक टिचकीने लांब उडवायचं, दुसरं त्याच क्षणी नुसतं काठावरून ढकलायचं. एक पायाशी पडलं, दुसरं पार दाराजवळ. आवाज मात्र एकच आला. तिचा विश्वास बसेना. चार वेळा करून पाहिलं.

"म्हणजे पुढे जाण्याचा पडण्याशी संबंधच नाही?"

मग किराणाच्या हिशेबाला मारते तशी पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे वर जाणारा वेग: 20 गुणिले साइन 30, म्हणजे 10. उजवीकडे पुढे जाणारा: 20 गुणिले कॉस 30, म्हणजे 17.3. डावीकडचा वेग गुरुत्वामुळे दर सेकंदाला 10 ने घटतो (नेमकं म्हणाल तर 9.8 ने). म्हणून एक सेकंद वर, एक सेकंद खाली. उंची फक्त 5 मीटर. उजवीकडचा घटतच नाही, कारण हवेचा अडथळा धरलेला नाही. रेघ ओलांडून पलीकडे न्यायचा तो फक्त वेळ: 2 सेकंद. अंतर 34.6 मीटर.

शेवटचा प्रश्न होता, सर्वांत वरच्या बिंदूवर वेग किती? तिने आधी शून्य लिहिलं होतं. बराच वेळ उजव्या रकान्याकडे पाहत राहिली, मग शून्य खोडून 17.3 लिहिलं.

आर्ट्सचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. पुढचं गणित गच्चीवरून आडव्या फेकलेल्या दगडाचं होतं. पट्टी घेऊन तिने आधी मधली रेघ मारली.