मिठ्ठूची सोबत

आमच्या घरी एक मोठा पिंजरा आहे. त्यात मिठ्ठू आणि नीलम राहतात. मिठ्ठू हिरवा, तर नीलम निळी. नराच्या चोचीवरची कातडी निळी आहे, मादीची तपकिरी. लोक त्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतात. पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. हे आहेत बजरीगर, म्हणजे ऑस्ट्रेलियातले लहान पोपट. आपल्या झाडांवर दिसणारे लाल चोचीचे पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.

काही वर्षांपूर्वी मिठ्ठूबरोबर नूरी होती. दुकानदाराने पिंजऱ्यासोबत भोक पाडलेले एक मडके दिले आणि म्हणाला, “सर, हे आत टांगा. पिल्ले होतील.”

मी ते टांगले. नूरीने एक दिवसाआड एक अशी पाच अंडी घातली. अठरा दिवसांनी पहिले पिल्लू बाहेर आले. माझ्या मुलीला ईदसारखा आनंद झाला.

पिल्ले मोठी झाली. ती शेजाऱ्यांनी नेली. लगेच नूरीने पुन्हा अंडी घातली, मग पुन्हा. मी शाळेत सर्वांना कौतुकाने सांगत असे. ती थकत चालली आहे, हे माझ्या लक्षातच आले नाही.

हिवाळ्यातल्या एका सकाळी नूरी पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून बसलेली दिसली. श्वासागणिक तिची शेपटी खालीवर होत होती. जनावरांच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिने प्राण सोडला. डॉक्टर म्हणाले, “अंडे अडकले. सारखी अंडी घालून शरीरातले कॅल्शियम कमी झाले, की असे होते.”

घरी आल्यावर अम्मी एवढेच म्हणाल्या, “बेटा, मुका जीव घरात आणला, की त्याचा हिसाब आपल्याला द्यावा लागतो.”

मिठ्ठू एकटा पडला. तो गप्प बसू लागला. त्याच सुमारास माझ्या वर्गातल्या एका मुलीचे कुटुंब गाव सोडून निघाले. तिने आपली नीलम माझ्याकडे आणून दिली. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. विचारले, “दोघांना वेगळे ठेवू का?”

“कशाला? हे पक्षी थव्यात राहणारे. त्यांना सोबत हवीच,” डॉक्टर म्हणाले. “ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात पाऊस पडला, गवताला भरपूर बी आले, की हे पक्षी अंडी घालतात. तुमच्या घरी मात्र बारा महिने पावसाळा! अंधारी ढोली आहे, खायला रेलचेल आहे. आणि रात्री दिवा कधी मालवता?”

मी मान खाली घातली. पिंजऱ्याजवळ बसून मी मध्यरात्रीपर्यंत उत्तरपत्रिका तपासत असे. माझ्या ट्यूबलाइटमुळे त्या पक्ष्यांचा दिवस कधी संपतच नव्हता.

त्याच दिवशी मी मडके काढले. मगरिबच्या नमाजनंतर पिंजऱ्यावर चादर टाकू लागलो आणि वह्या दुसऱ्या खोलीत नेल्या. उकडलेले अंडे आणि भिजवलेली पोळी देणे बंद केले. राळे, बाजरी, थोडी कोथिंबीर एवढेच ठेवले. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा अडकवला.

तरीही एक दिवस नीलमने पिंजऱ्याच्या तळावर अंडे घातले. मी ते उचलून फेकणार, तोच डॉक्टरांचे शब्द आठवले. अंडे काढून घेतले, तर मादी भर घालण्यासाठी आणखी अंडी घालते. म्हणून ताजे अंडे उकळून, थंड करून परत ठेवायचे. मी तसे केले. अशी चार अंडी झाली.

मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “अब्बा, यातून पिल्लू कधीच निघणार नाही ना? मग आपण तिला फसवतोच आहोत.”

माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते. मी तिला जवळ घेऊन म्हणालो, “हो बेटा, फसवतो आहोत. पण नूरी आठवते ना?” ती काही बोलली नाही. तिने पाण्याची वाटी भरून पिंजऱ्यात ठेवली.

नीलम सुमारे तीन आठवडे त्या अंड्यांवर बसली. मग आपणहून उठली आणि मिठ्ठूच्या शेजारी दांडीवर जाऊन बसली. त्यानंतर तिने अंडी घातलेली नाहीत.

आजही दोघे एकमेकांची पिसे विंचरतात. मिठ्ठू तिला चोचीने दाणे भरवतो. पाहुणे विचारतात, “जोडी आहे, मग पिल्ले कशी नाहीत?” तेव्हा माझी मुलगीच उत्तर देते, “ते एकमेकांसाठी आहेत.”

भोक पाडलेल्या त्या मडक्यात तिने आता पुदिना लावला आहे.